जहाजाचं नाव ठाऊक, ठिकाण नाही

आमच्या घरातून आरमारात दोन माणसं गेली. १९४३ साली आजोबा आणि २०२२ साली माझी धाकटी बहीण. दोघंही घरात न विचारता गेली. आजोबा मॅट्रिक पास होते, बहीण फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली. मधे जवळजवळ ऐंशी वर्षं गेली, एक साम्राज्य गेलं, देश स्वतंत्र झाला; पण घरच्यांनी विचारलेला प्रश्न बदलला नाही. एवढं शिकून हेच करायचं होतं?

आम्ही मालवणजवळचे. बहिणीने कसलीशी परीक्षा दिली होती हे घरात माहीत होतं. सगळ्यांचा समज होता की बँकेची असणार. तो समज तिने मोडला नाही. मग एके दिवशी तिने जेवणाच्या ताटावर सांगितलं की तिची नौदलात अग्निवीर म्हणून निवड झाली आहे आणि प्रशिक्षणासाठी ओडिशात चिल्का सरोवराकाठी, आयएनएस चिल्काला, जायचं आहे. आईने वाढता वाढता डाव तसाच पातेल्यात ठेवला आणि म्हणाली, "इतक्या शिकान खलाशीच होवचा होता, तर कॉलेजात कित्याक गेलंस?"

आईचा राग 'नौदल' या शब्दावर नव्हता, 'खलाशी' या शब्दावर होता. आमच्या किनाऱ्यावर खलाशी म्हणजे दुसऱ्याच्या ट्रॉलरवर जाळं ओढणारा माणूस. खरं सांगायचं तर बहीण अधिकारी म्हणून निवडली गेली असती, तर आम्ही वाडीभर पेढे वाटले असते. ती शिपायाच्या पायरीवरून आत शिरत होती, आणि शिक्षणाने तर आपल्याला त्या पायरीवरून वर आणलं, असं आमच्या घराचं तीन पिढ्यांचं गणित होतं.

बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. ते काही बोलले नाहीत. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातले हातात एकवीस. चार वर्षं नोकरी. त्या काळात लग्न करायचं नाही. शेवटी सुमारे पावणेबारा लाख रुपये एकरकमी. आणि जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलांना पुढे कायम करणार. हिशेबाच्या खाली त्यांनी तीन शब्द लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या, वर्गात फळ्यावर ओढायचे तशा.

'मग पुढे काय?'

तेव्हा मला वाटलं, हा भित्र्या मध्यमवर्गीय बापाचा प्रश्न आहे. नंतर आजोबांच्या काळाबद्दल वाचत गेलो तेव्हा कळलं की आपल्या नौदलाच्या इतिहासातला हा फार जुना आणि फार नेमका प्रश्न आहे. एकदा तर त्याचं उत्तर न मिळाल्यामुळे अख्खं आरमार बंद पडलं होतं.

*

आजोबा ज्या आरमारात गेले त्याचं नाव रॉयल इंडियन नेव्ही. हे नाव १९३४ साली मिळालं. त्याआधी ते रॉयल इंडियन मरीन होतं, आणि त्याच्याही आधी ईस्ट इंडिया कंपनीचं बॉम्बे मरीन. युद्धापूर्वी हे आरमार अगदी लहान होतं. अधिकारी आणि खलाशी मिळून जेमतेम दोन हजार माणसं. खलाशांमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुसलमान दर्यावर्दी घरांतली मुलं मोठ्या संख्येने असत. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आमचं मालवणही येत होतं. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. या घरांमध्ये बाप, काका, मामा असे कुणी ना कुणी जहाजावर असायचंच. मुलगा बोटीवर गेला की आई रडत असेल, पण तिला निदान माहीत असायचं की आपण कशासाठी रडतोय.

दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र बदललं. सहा वर्षांत आरमार दहापटीहून जास्त वाढलं, पंचवीस हजारांच्या पुढे गेलं. नव्या जहाजांवर वायरलेस आलं, रडार आलं, पाणबुडी शोधायची यंत्रं आली. ही यंत्रं चालवायला इंग्रजी वाचता येणारी, गणित येणारी मुलं हवी होती. मग भरतीची माणसं शाळा-कॉलेजांच्या गावांकडे वळली. बंगाल, पंजाब, मद्रास, आणि इकडे आमच्यासारखी घरं, जिथे आरमारात कधीच कुणी गेलं नव्हतं.

माझे पणजोबा खोताकडे कारकून होते. मराठी सातवीची फायनल परीक्षा पास झालेले. मुलाला इंग्रजी शिकवायचं म्हणून त्यांनी त्याला मुंबईला गाववाल्यांच्या खोलीवर ठेवलं आणि त्यासाठी पणजीच्या पाटल्या गहाण टाकल्या. मुलगा मॅट्रिक झाला. कचेरीत चिकटेल, पाटल्या सोडवून आणेल, असा सरळ हिशेब होता. पाटल्या खरंच सुटल्या, पण त्या आरमाराच्या पगारातून. पहिली मनीऑर्डर आली तेव्हाच घरी कळलं की मुलगा भरती झालाय.

पणजी १९८४ पर्यंत होती. बाबांनी हे सगळं तिच्या तोंडून ऐकलेलं आहे. ती सांगायची की पणजोबांनी ती मनीऑर्डर दोन दिवस घेतली नाही. तिसऱ्या दिवशी पोस्टमन म्हणाला, आता परत पाठवावी लागेल. तेव्हा सही केली. पुढची तीन वर्षं त्या घरात मुलाची बातमी दोनच वाटांनी यायची. एक मनीऑर्डर, दुसरं पत्र. पत्र सेन्सॉर होऊन यायचं. मुलगा कुठे आहे हे सांगणारी ओळ काळी केलेली असायची. पाठवायच्या पत्त्यात जहाजाचं नाव असायचं, बंदराचं नसायचं.

पणजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती म्हणे पत्र उजेडात धरून काळी केलेली ओळ बघत बसायची. वाचता येत नाही त्या कागदावरही आपल्याला काहीतरी वाचू दिलेलं नाही, एवढं तिला कळत होतं.

*

युद्ध १९४५ मध्ये संपलं आणि पणजोबांचा प्रश्न हजारो घरांमध्ये एकदम उभा राहिला. युद्धापुरती भरती केलेल्या या शिकलेल्या मुलांचं आता काय? भरतीच्या वेळी पगाराची, बढतीची, पुढच्या नोकरीची आश्वासनं दिली होती. आता सरकारला माणसं कमी करायची होती. जहाजांवर गोऱ्या आणि हिंदी खलाशांच्या पगारात मोठी तफावत होती, जेवण वाईट होतं, वागणूक त्याहून वाईट.

पुढे जे घडलं त्याचं केंद्र होतं कुलाब्यातलं एचएमआयएस तलवार. नाव जहाजासारखं असलं तरी हे जमिनीवरचं संदेशवहनाचं प्रशिक्षण केंद्र होतं. तिथली मुलं बिनतारी यंत्रावर बसणारी, म्हणजे आरमारातली सगळ्यात शिकलेली. ती वर्तमानपत्रं वाचत होती, आझाद हिंद सेनेच्या खटल्यांबद्दल बोलत होती. डिसेंबर १९४५ मध्ये तिथल्या भिंतींवर इंग्रजांविरुद्धच्या घोषणा रंगवलेल्या सापडल्या. बलाई चंद दत्त या तरुण खलाशाला त्यासाठी फेब्रुवारीत अटक झाली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी तलवारवरच्या खलाशांनी जेवण नाकारलं. कमांडरने केलेली शिवीगाळ ही त्यांच्या मुख्य तक्रारींपैकी एक होती. संदेशवहन त्यांच्याच हातात असल्याने बातमी बंदराबंदरांत पोचली. मुंबई, कराची, मद्रास, कलकत्ता, विशाखापट्टणम. साधारणपणे दिला जाणारा आकडा असा, की ७८ जहाजं आणि वीस किनारी केंद्रांवरचे सुमारे वीस हजार खलाशी संपावर होते. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट पक्ष, तिन्हींचे झेंडे एकत्र चढले.

शाळेत आपण हे 'नाविकांचा उठाव' म्हणून दोन ओळींत वाचतो. मला त्यातली एक साधी गोष्ट जास्त धरून ठेवते. २१ तारखेला कॅसल बराकीत, म्हणजे आजच्या आयएनएस आंग्रेमध्ये, गोळीबार सुरू झाला. अडकलेल्या खलाशांना अन्न मिळेना. तेव्हा मुंबईची माणसं गेटवे ऑफ इंडियाजवळ खायला घेऊन आली. दुकानदारांनी सामान दिलं, लोकांनी घरून आणलं. ज्यांच्या मागण्यांच्या यादीत चांगलं जेवण होतं, त्यांना शहर जेवू घालत होतं. या मुलांचे आईबाप शेकडो मैलांवर होते, बहुतेकांना अजून काही कळलंही नव्हतं. त्यांच्या वाट्याचं काम त्या दिवशी अनोळखी लोकांनी केलं.

२२ तारखेला मुंबईत कडकडीत संप झाला. रस्त्यांवरच्या गोळीबारात त्या दोन-तीन दिवसांत दोनशेहून जास्त माणसं मेली. २३ तारखेला, सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर, खलाशांनी शरणागती पत्करली.

मालवणला तेव्हा मुंबईची बातमी बोटीने यायची. पणजोबांना ती शरणागतीनंतर कळली. ते मिळेल त्या बोटीने मुंबईला गेले. गाववाल्यांच्या खोलीवर वळकटी टाकली आणि रोज कुलाब्याला जाऊन उभे राहिले. आत कुणाला विचारायचं, कसं विचारायचं हेही त्यांना माहीत नव्हतं. मुलगा कुठल्या जहाजावर आहे हे सांगता येत होतं. ते जहाज कुठे आहे, हे कुणी त्यांना सांगत नव्हतं. आठ दिवसांनी ते न भेटता परतले. त्या आठ दिवसांबद्दल ते पुढे कधी बोलले नाहीत. पणजीला एवढंच म्हणाले, "तिथे माझ्यासारखे आणखीही होते."

हे वाक्य मी गेली दोन वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय. कारण उठावावर पुस्तकं आहेत, खुद्द दत्त यांचं आत्मकथन आहे, न्यायमूर्ती सय्यद फजल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी आयोगाचा अहवाल आहे. भरतीच्या वेळच्या पोकळ आश्वासनांची दखल त्या अहवालातही घेतली गेली. पण फाटकाबाहेर उभे असलेले ते 'आणखी' मला कुठे सापडले नाहीत.

*

उठावानंतर ४७६ खलाशांना काढून टाकलं गेलं, असं सांगितलं जातं. स्वातंत्र्यानंतर ना भारताने त्यांना परत घेतलं, ना पाकिस्तानने. आजोबा त्या काढलेल्यांपैकी होते. त्याच वर्षी, पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटींपैकी एका बोटीने ते घरी आले. पणजोबांनी त्यांना काही विचारलं नाही. पणजीने पेज वाढली. बापलेकांचं धड बोलणं व्हायला पुढे दोन वर्षं गेली.

आजोबांनी नंतर मालवणच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. बिनतारी यंत्राचं जे शिक्षण मिळालं होतं त्यावर त्यांनी चार मुलं वाढवली. घरात कुणी आरमाराचं नाव काढलं तर ते उठून दुकानात जायचे, एवढंच मला आठवतं. मात्र बाबांच्या आठवणीत डिसेंबर १९७१ मधले ते दुकान आहे. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे. लढाई सुरू झाली आणि संध्याकाळच्या बातम्या ऐकायला दुकानासमोर माणसं जमू लागली. त्यांत शेजारच्या गावातलं एक जोडपं रोज यायचं. त्यांचा मुलगा नौदलात होता. आजोबा इतर कुणाला दुकानात बसू देत नसत. त्या दोघांसाठी मात्र त्यांनी आतलं बाकडं बाहेर काढलं होतं.

९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली. पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीने तिला पाणतीर मारला. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर बुडाले. आपल्याला मुल्लांचं नाव माहीत असतं, आणि ते असायलाच हवं. पण १७६ खलाशी म्हणजे देशभरातली १७६ घरं, हे मला बाबांच्या त्या बाकड्यामुळे कळलं. त्या जोडप्याचा मुलगा खुकरीवर नव्हता. पत्ता 'फ्लीट मेल ऑफिस, मुंबई' असा असायचा आणि त्यावर जहाजाचं नाव. ते नाव वेगळं होतं म्हणून ती दोघं सुटली. बाबा सांगतात, बातमी कळल्यावर त्या बाईंनी हात जोडले आणि लगेच रडायला लागल्या. आपण कशासाठी हात जोडले हे त्यांच्या लक्षात आलं असणार. आपलं जहाज नाही, म्हणजे कुणाचं तरी आहे.

आजोबांनी त्या रात्री रेडिओ बंद केला नाही. ती दोघं उठेपर्यंत त्यांनी दुकानही बंद केलं नाही.

*

बहीण २०२२ च्या शेवटी चिल्काला गेली. आई तिला सोडायला स्टेशनवर आली नाही. तिने फक्त लाडवांचा डबा बाबांच्या हातात दिला.

प्रशिक्षणाच्या काळात फोन ठरलेल्या वेळेपुरताच मिळायचा. पहिले काही आठवडे आई तिच्याशी दोन वाक्यांच्या वर बोलली नाही. पण त्याच वेळी ती काय करत होती ते मी बघत होतो. कुणीतरी तिला पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं. त्यात हरयाणातली एक आई होती, तेलंगणातले एक वडील, बिहारमधला एक मोठा भाऊ. आईचं हिंदी मालिकांमधून शिकलेलं. ती ओसरीवर बसून त्या हरयाणवी बाईंचे व्हॉइस मेसेज दोनदा-तीनदा ऐकायची आणि मग मालवणी वळणाच्या हिंदीत उत्तर द्यायची. कुणाच्या मुलाच्या पायाला फोड आलेत, कुणाची मुलगी रडली, कुणाचं वजन उतरलं. आमच्याशी न बोललेलं सगळं ती त्यांच्याशी बोलली.

'तिथे माझ्यासारखे आणखीही होते.' पणजोबांना ते आठ दिवस फाटकाबाहेर उभं राहून सापडले, आईला ते फोनमध्ये सापडले.

२८ मार्च २०२३ रोजी पासिंग आउट परेड झाली. अग्निवीरांची ती पहिली तुकडी. सुमारे २६०० जण, त्यांत २७३ मुली. भारतीय नौदलाच्या खलाशी वर्गात मुली येण्याची ती पहिलीच वेळ. अधिकारी म्हणून बायका १९९० च्या दशकापासून होत्या, पण खलाशी म्हणून नव्हत्या. आईने ज्या शब्दावर राग धरला होता त्या शब्दात बाई पहिल्यांदाच शिरत होती, हे आमच्या घरात तोवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

परेड सूर्यास्तानंतर होती. आम्ही ती ओसरीवर बसून माझ्या मोबाइलवर बघितली. सहा इंची पडद्यावर पांढरे गणवेश, सगळ्या टोप्या सारख्या, सगळ्या हनुवट्या सारख्या वर. आईने एका मुलीवर बोट ठेवलं. "ह्या आमचा." तिला जराही शंका नव्हती. तेवढ्यात कॅमेरा जवळ गेला आणि ती भलतीच कुणीतरी निघाली. आई क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "आसांदे. ह्येच्या आईकपण गावला नसतला." म्हणजे, असू दे, हिच्या आईलाही सापडली नसेल.

त्या दिवसानंतर ती बहिणीशी नीट बोलायला लागली. हिशेब बाबांचा सुटला नव्हता, आईचाही नव्हता. पण परेड बघून आई एकटी राहिली नव्हती.

पुढच्या डिसेंबरात नौदल दिनाचा मोठा सोहळा आमच्याच इथे, तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. समोर सिंधुदुर्ग, समुद्रात युद्धनौका, आकाशात विमानं. अख्खा तालुका वाळूत उभा. लोकांनी आईला विचारलं, "तुमचा चेडू खंयच्या बोटीर आसा?" तेव्हा बहीण अजून जामनगरला, आयएनएस वलसुरामध्ये, विजेचं काम शिकत होती. आज तोच प्रश्न कुणी विचारला, तर आई जहाजाचं नाव सांगते. ते कुठे आहे, हे विचारलं की हसते.

बहीण समुद्रावर असते तेव्हा फोन लागत नाही. आई तिचं 'लास्ट सीन' बघते. शेवटची वेळ मंगळवारची असेल तर मंगळवार हीच बातमी. पणजी पत्रावरची काळी केलेली ओळ बघायची, शेजारगावचं जोडपं बाकड्यावर बसायचं, आई लास्ट सीन बघते.

२०२६ च्या अखेरीस तिच्या तुकडीची चार वर्षं भरतात. बाबांनी कॅलेंडरमागचं ते पान अजून ठेवलंय, कपाटाच्या दाराला आतून चिकटवून. मी एकदा म्हटलं, आता काढून टाका. ते म्हणाले, "उत्तर आल्यावर काढीन." मला आता तो प्रश्न भित्रा वाटत नाही. १९४५ साली तो वेळेवर कुणी गंभीरपणे घेतला असता, तर माझ्या आजोबांचं आयुष्य कदाचित वेगळं झालं असतं. मुलांनी देशासाठी जावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी 'पुढे काय' असं विचारणाऱ्या बापाला घाबरट म्हणू नये. मुलाबरोबर त्या घराचं तीन पिढ्यांचं गणितही भरती होत असतं.

मागच्या महिन्यात आमच्या वाडीतल्या आणखी एका मुलीने फॉर्म भरला. तीही ग्रॅज्युएट. तिची आई आमच्याकडे आली, ओसरीवर बसली, बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. आईने चहा दिला आणि मग एकेक गोष्ट सांगायला सुरुवात केली. सुरुवातीला ती फोनवर रडेल, तेव्हा आपण रडायचं नाही. फोन ठेवल्यावर रडायचं. लाडू द्यायचे तर सगळ्या खोलीला पुरतील एवढे द्यायचे. टीव्हीवर लढाईची चर्चा लागली की चॅनल बदलायचं. ग्रुपमध्ये तुला घेते.

निघताना त्या बाईंनी विचारलं, मग बोलायचं तरी काय तिच्याशी?

आई म्हणाली, "खंय आसस, ता इचारू नको. जेवलंस काय, ता इचार."